पहिली रात्र गावालाच काढायची असते

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या बहुतेक वाड्यांना दोन-दोन मंडळं असतात, एक गावचं आणि एक मुंबईचं. शिवाय महिला मंडळ, भजनी मंडळ, कुठे जाखडीचा नाच, कुठे क्रिकेटचा संघ. प्रत्येकाला अध्यक्ष आहे, सेक्रेटरी आहे, खजिनदार आहे आणि वर्गणीची वही आहे. हे आवाहन या मंडळींसाठी आहे. आमदार-खासदारांना सांगायला बाकीचे पुष्कळ आहेत.

22 जुलै 2021 ला आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. सावित्रीचा उगम ज्या महाबळेश्वरात आहे तिथे चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी पोलादपूरवरून महाडात उतरलं आणि बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळियेची कोंडाळकरवाडी डोंगराखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरची सुतारवाडी इथेही दरडी आल्या आणि माणसं दगावली. रस्ते तुटले होते, वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. तळियेला बाहेरची मोठी मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्याआधी सोळा वर्षं, 2005 च्या जुलैत, दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांनी हेच भोगलं होतं.

दोष कोणाचा, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण त्याचं उत्तर यायला वेळ लागतो आणि पाऊस दर वर्षी वेळेवर येतो. आता पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी महाडात आणून ठेवतात, हे चांगलंच आहे. मात्र ढवळी खोऱ्यात किंवा वरच्या एखाद्या धनगरवाड्यावर काही झालं आणि वाटेतला रस्ताच खचला, तर महाडातली तुकडीही अडकून पडते. म्हणून हिशेब सोपा ठेवा. पहिली रात्र गावाचीच. त्या रात्री जो शेजारी आहे तोच सरकार, तोच डॉक्टर आणि तोच नातेवाईक.

आणि त्या रात्री गावात असतं कोण? तरणी माणसं दिव्याला, कळव्याला, नालासोपाऱ्याला. गावात कित्येक घरांना कुलूप, उरलेल्या घरांत एखादं म्हातारं जोडपं नाहीतर एकटी आजी. कोणाचे गुडघे गेलेले, कोणाला रात्री दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही. कुठे सून बाळंतपणाला माहेरी आलेली. कुठे अंथरुणाला खिळलेला माणूस, ज्याला आजवर दवाखान्यात न्यायचं झालं तर बांबूला घोंगडी बांधून डोली करावी लागली. ‘पळा’ म्हटल्यावर पळता येणारी माणसं गावात थोडी आणि न येणारी जास्त, अशी ही अवस्था आहे. तेव्हा पहिलं काम यांच्या नावांचा कागद करण्याचं.

त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई यांना सोबत घ्या, एका संध्याकाळी वाडी फिरा. घरात कोण आहे, कोणाला चालता येत नाही, कोणाला हाक ऐकू येत नाही, साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी कोणाला चालू आहे, कोण पोटुशी आहे आणि कितवा महिना आहे, एवढं लिहा. बहिऱ्या माणसाच्या नावापुढे खूण करा, कारण रात्री शिट्टी वाजवून उपयोग नाही, त्याला हलवून उठवावं लागेल. मग प्रत्येक नावापुढे दोन नावं लिहा, याला घेऊन बाहेर पडणार कोण. दोन अशासाठी की एक जण नेमका त्याच आठवड्यात मुंबईला गेलेला असतो. आणि जायचं कुठे, तेही आजच ठरवा. शाळा किंवा देऊळ म्हणण्याआधी ते स्वतः कोणत्या उताराखाली उभं आहे ते डोळ्यांनी बघा. देव आहे म्हणून दरड थांबत नाही.

हा कागद देवळाच्या खांबावर चिकटवू नका. एकट्या राहणाऱ्या बाया कुठल्या घरात आहेत हे साऱ्या जगाला सांगायचं कारण नाही. एक प्रत पोलीस पाटलांकडे, एक आशाताईंकडे, एक भजनी मंडळाच्या बुवांकडे. बुवांकडे का, तर रात्री-अपरात्री दार वाजवलं तरी गावात कोणाला नवल वाटत नाही असा माणूस बहुधा तोच असतो.

आता थोडं अवघड बोलतो. आपली यादी नेहमी गावकुसाशी येऊन थांबते. त्याच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाला किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या माळावर कातकऱ्यांची वाडी असते. दिवाळीनंतर ही कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि नेमकी पावसाच्या तोंडाला परत येतात. झोपडी पुन्हा तिथेच उभी राहते, कारण दुसरी जागा त्यांच्या नावावर नाही. ती मंडळात नाहीत, वर्गणी देत नाहीत, म्हणून मंडळाच्या वहीत त्यांचं नाव नाही. या कामात वही उलटी धरा. वर्गणी न देणाऱ्याचं नाव आधी लिहा. केंद्र सरकारने 2023 च्या नोव्हेंबरात सुरू केलेल्या पीएम-जनमन योजनेत महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड जमाती येतात. घर, रस्ता, पाणी हे त्यात आहे. पण जातीचा दाखला आणि आधार कार्ड नसेल तर योजना कागदावरच राहते. गावातल्या कोण्या शिकल्या-सवरल्या माणसाने दोन दिवस त्यांच्यासोबत तहसीलदार कचेरीत घालवले, तर ते सत्कार-समारंभापेक्षा मोठं काम होईल.

पुढारीपण म्हणजे काय, हे शिकायला महाडकरांना लांब जायला नको. सुरेंद्रनाथ टिपणीस नगरपालिकेचे अध्यक्ष होते. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव 1923 मध्ये झाला आणि त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर. पुढची तीन वर्षं एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळ भरता आली नाही. शेवटी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं चालत तळ्यावर गेली. तेव्हा भरलेल्या परिषदेची जुळवाजुळव करणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे हा चोविशीतला तरुण होता, अनंतराव चित्रे होते. गाव भरून पाणी असताना परिषदेला आलेल्यांसाठी चाळीस रुपये मोजून पाणी विकत घ्यावं लागलं होतं. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला मांडव घालायला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली.

हे सगळं शाळेत शिकवतात, जयंतीच्या भाषणांत येतं. त्यातलं एक मात्र आपण सोयीने विसरतो. ठराव झाला आणि तीन वर्षं काहीच झालं नाही. तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटातही आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा असेल. त्यात एखाद्या समितीची नावं असतील, त्यातला एखादा वारलेलाही असेल. तो आराखडा चुकीचा नसतो, तो चाललेला नसतो. टिपणिसांचं मोठेपण ठरावावर सही करण्यात जेवढं, त्याहून जास्त ठराव गुंडाळला जात असताना सत्याग्रहींच्या बाजूला उभं राहण्यात होतं. फत्तेखानांनी तर भाषणही केलेलं आपल्याला ठाऊक नाही. जमीन दिली, एवढंच.

आता गाण्याकडे येतो. माणसं जगवण्याच्या कामात गाणं-नाचणं कशाला, असं काहींना वाटेल. सरकारी सूचना कशी असते ते आठवा. जीपवरचा भोंगा वळणावर येतो, ‘सतर्कतेचा इशारा’ असं काहीतरी ऐकू येतं आणि जीप निघून जाते. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात त्यातलं काय राहणार? त्याच म्हातारीला चाळीस वर्षांपूर्वीची गौरीची गाणी एकही कडवं न चुकता पाठ असतात.

इंडोनेशियात सुमात्राजवळ सिमेउलुए नावाचं बेट आहे. 1907 मध्ये तिथे मोठी त्सुनामी आली, खूप माणसं मेली. जी वाचली त्यांनी ती गोष्ट अंगाईत आणि गाण्यांत घातली. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला की डोंगराकडे पळ, मागे बघू नको, असा त्याचा भावार्थ. 26 डिसेंबर 2004 ला पुन्हा त्सुनामी आली. शेजारच्या आचे प्रांतात लाखाहून जास्त माणसं मेली. सिमेउलुएच्या सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार वस्तीत मेली सात. भोंगा नव्हता, मोबाइलवर संदेश आला नव्हता. आजीने म्हटलेलं गाणं होतं. बांगलादेशातही 1970 च्या चक्रीवादळाने किमान तीन लाख बळी घेतल्यावर गावोगाव स्वयंसेवक उभे केले गेले. आज ते सत्तर हजारांच्या वर आहेत, त्यात निम्म्या बायका, आणि ते लोकनाट्य आणि गाणी करून लोकांना शिकवतात. पक्के निवारे आणि वेळेवर मिळणारी सूचना यांचाही माणसं वाचण्यात मोठा वाटा आहे, नुसत्या गाण्याने वादळ परतत नाही. पण निवाऱ्यापर्यंत माणसाचे पाय वळवायचं काम गाण्याने केलं.

आपल्याकडे हे नवं नाही. आंबेडकरी जलशांनी शिक्षणाचा आणि स्वाभिमानाचा विचार वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत नेला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापटांनी लिहिलं, लीलाधर हेगडे गायले आणि याच हेगड्यांनी पुढे सांताक्रूझच्या झोपडपट्टीतल्या मुलांसाठी साने गुरुजी आरोग्य मंदिर चालवलं. गाणारा माणूस काम करणारा नसतो, हा समज त्यांनी खोटा पाडला. महाडहून मुंबईकडे निघालात तर माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक लागतं. तिथे मुलांची शिबिरं होतात. आपल्या शाळेतल्या शिक्षकांना एकदा तिथे पाठवा.

आणि आपल्या दोन तालुक्यांत कलेची वाण कुठे आहे! पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे, ज्यांनी शिवरायांवर ‘शिवभारत’ लिहिलं. वारकऱ्यांची तर ही भूमीच आहे, सप्ताह नाही असं गाव शोधावं लागेल. महाडला वीरेश्वराचा छबिना निघतो. आणि जाखडी. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात, एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. शिकवण्यासाठी याहून चांगला साचा कुठल्या तज्ज्ञालाही सुचला नसता. शक्तीवाल्याने विचारावं, बारमाही झऱ्याचं पाणी एकाएकी मातकट झालं तर काय समजावं? तुरेवाल्याने सांगावं, वरचा डोंगर सुटायला लागला, उठ. सड्यावर नवी भेग दिसली तर? विजेचा खांब कालपेक्षा वाकडा दिसला तर? घराचं दार चौकटीत अडकायला लागलं, चालता झरा मध्येच आटला, डोंगराच्या पोटातून गुरगुर ऐकू आली तर? आणि पळायचं कुठे? दरड ज्या वाटेने येते त्या वाटेनेच खाली धावायचं नाही, तिच्या आडवं बाजूला व्हायचं आणि उंचावर चढायचं. हे सगळं शाहिराने आपल्या चालीत बसवावं. शब्द मी देत नाही, ते त्याचं काम आहे आणि तो ते माझ्याहून बरं करेल.

फक्त वेळ साधा. जाखडी रंगते गणपतीत आणि गणपती येतात भाद्रपदात, तोवर आषाढ-श्रावणाचा मारा होऊन गेलेला असतो. म्हणून हे गाणं चैत्र-वैशाखात म्हणा, ग्रामदेवतेच्या जत्रेत, सत्यनारायणाच्या रात्री, मेमध्ये चाकरमानी पोराबाळांसकट आलेले असतात तेव्हा. सप्ताहाला येणाऱ्या कीर्तनकारांना हात जोडून सांगा, महाराज, कीर्तनात दहा मिनिटं आमच्या डोंगराला द्या. ते नाही म्हणणार नाहीत.

एक पथ्य पाळा. ज्या वाडीने माणसं गमावली आहेत तिथे ‘दरडीचं गाणं’ घेऊन न विचारता जाऊ नका. 22 जुलैला काय करायचं, करायचं की नाही, हे ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना ठरवू द्या. कोणाला भजन हवं असेल, कोणाला त्या दिवशी कोणीच नको असेल. वाचलेल्या मुलाला व्यासपीठावर उभं करून त्याची कहाणी सांगायला लावू नका, टाळ्या मिळतील पण मूल घरी जाऊन रात्रभर जागं राहील. त्याला रंग द्या, माती द्या, ढोलकी द्या आणि त्याने काढलेलं चित्र स्टेटसला टाकू नका. पाऊस सुरू झाला की थरथरणारं, आठवडेच्या आठवडे न बोलणारं मूल किंवा माणूस असेल तर टाळ-मृदंगावर सोडून देऊ नका, डॉक्टरला दाखवा. 14416 या टेली-मानसच्या नंबरावर फुकट बोलता येतं.

आणि विधवांना भजनात घ्या. हळदीकुंकवाला बोलावत नाहीत ते नाहीतच, निदान टाळ तरी हातात द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद केल्या आणि त्यानंतर सरकारनेही इतर गावांना तसं करायला सुचवलं. दरडीने आणि पुराने आपल्याकडे किती घरांतलं कुंकू पुसलं ते तुम्हाला माहीत आहे. त्या बाईला किराण्याची पिशवी एकदाच लागते, दर गुरुवारी चार बायकांत बसायची जागा कायम लागते.

पिशवीवरून आठवलं. मदत देताना फोटो काढणं बंद करा. तेलाची पिशवी घेताना मान खाली घातलेल्या बाईच्या शेजारी हसणारे पाच जण, हा फोटो बघून कोणाचं मत वाढत असेल असं मला वाटत नाही. महापुरानंतर येणारे जुन्या कपड्यांचे ढीगही थांबवा, ते वेगळे करायला जी माणसं लागतात ती चिखल काढायला हवी असतात.

मुंबईच्या मंडळाला वेगळं सांगतो. सभामंडपाला फरशी बसली, कळस झाला, कमान झाली. आता दोन वर्षं देवाला थांबायला सांगा. जाड दोर, विजेऱ्या, ताडपत्र्या, शिट्ट्या आणि डोलीच्या जागी एक चांगलं स्ट्रेचर, एवढं वाडीत आणून ठेवा आणि ते कुलपात ठेवू नका. 2018 च्या जुलैत आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा दरीत दोर टाकून उतरणाऱ्यांत इथलेच तरुण होते. अशा मुलांना मेच्या सुट्टीत बोलावून वाडीतल्या पोरापोरींना गाठ मारायला शिकवा. जाखडीला जेवढ्या तालमी करता त्यातली एक याला द्या, आणि ती रात्री, दिवे बंद करून करा.

ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, तो कशावर गेला ते विचारा. आणि संजय गांधी निराधार, श्रावणबाळ यांचे दरमहाचे पैसे कोणाचे हयातीच्या दाखल्यावाचून अडले आहेत ते शोधा. अडलेला दाखला काढून देणं हे सदस्याचं काम आहे, त्यासाठी म्हातारीला तालुक्याला दोन हेलपाटे घालायला लावू नका.

1 मेला ग्रामसभा असते. बहुतेक गावांत ती झेंडावंदनानंतर रजिस्टरवर सह्या होऊन संपते. यंदा चाकरमान्यांसह सगळे थांबा. वाडीतल्या नावांचा कागद किती जणांकडे आहे, प्रत्येक नावापुढे दोन नावं आहेत का, कातकरवाडी आणि धनगरवाडा त्यात आला का, हे सरपंचांना उभं राहून विचारा. यादी झाली नसेल तर सभा संपवू नका, तिथेच बसून करा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर 1077 आहे, तो त्याच कागदाच्या डोक्यावर लिहा.